पडसाद विरेपर्यंत

१४ जानेवारी

गिटारला पडसाद देणारं माझं जुनं पेडल आज गेलं. तालीम रंगात आली होती. शेवटच्या गाण्याच्या शेवटाला मी ते पायाने दाबलं, तांबडा दिवा लागला, आणि ओल्या घोंगडीत कोंबल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग तोही बंद.

रॉन्डा माझी थोरली बहीण. गाणी तिची, गळा तिचा, बास तीच वाजवते, म्हणजे बँडही तिचाच. मी गिटारवर आणि क्लिफर्ड ड्रमवर. एवढाच आमचा संसार.

"गेलं म्हणजे? दुरुस्त होईल ना?" तिने विचारलं.

"उघडून बघतो."

घरी येऊन उघडलं. आतली मुख्य चिप जळली आहे आणि तसली चिप आता कोणी बनवत नाही. अख्ख्या बसचं इंजिन मी जमिनीवर पसरून पुन्हा जोडू शकतो. ह्या बिस्किटाच्या पुड्याएवढ्या डब्यापुढे हात टेकले.

ही वेळ वाईट आहे. मार्चमध्ये रेडिओवर आमचा थेट कार्यक्रम आहे. जुन्या चर्चचं सभागृह, समोर माणसं, आणि आम्ही वाजवू ते त्याच क्षणी सगळ्या मॅनिटोबा प्रांतात ऐकू जाणार. चुकलं तर चुकलं. नेस्टर वारल्यापासून आम्ही लोकांसमोर उभेच राहिलेलो नाही. नेस्टर म्हणजे रॉन्डाचा नवरा. क्लिफर्डच्या जागी तेव्हा तो बसायचा. आमची ध्वनिफीत ऐकून रेडिओवाल्या बाईंनी 'पलीकडचा काठ' मुद्दाम मागितलं आहे. त्या गाण्याच्या शेवटी मी चार स्वर वाजवतो आणि तारांवरून हात काढून घेतो. पुढचं सगळं पेडल करतं. तेच स्वर पुन्हा पुन्हा, दर वेळी आणखी हळू, विरून जाईपर्यंत. पेडल नाही तर शेवट नाही.

माझी बायको मॅक्सीन म्हणते, डोकं तापलं की तू तळघरात जाऊन ठोकाठोक करतोस, त्यापेक्षा लिहीत जा. म्हणून हे लिहिणं.

१८ जानेवारी

सेंट बॉनिफेसला आर्मांच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. त्याने दोन पेडलं काउंटरवर ठेवली. एक ॲनालॉग, जुन्यासारखं. दुसरं डिजिटल.

"हे बघ," ॲनालॉगवर बोट आपटत तो म्हणाला, "आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात देतात ना, तसं ह्यात चालतं. प्रत्येक हाताशी थोडं पाणी सांडतं. त्यामुळे प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा थोडा मळका, थोडा काळोखात गेलेला. डिजिटलमध्ये सांडलवंड नाही. तू दिलेला आवाज तो आकड्यांत लिहून घेतो आणि जसाच्या तसा परत देतो. पहिला आणि दहावा, चेहरा तोच. फक्त लांबून."

मी दोन्हींवर वाजवून बघितलं. पुन्हा बघितलं.

"काय फरक आहे?"

आर्मां माझ्याकडे बघतच राहिला. "चेष्टा करतोस का? ही काच आहे. हा धूर."

"तू विकायला बसलायस. तुला धूर दिसणारच."

तो हसला नाही. "दोन्ही घरी ने. आठवडाभर भांड त्यांच्याशी आणि मग सांग," म्हणाला.

त्याच्या दुकानातला हीटर फार घरघरतो. त्यात काय कळणार!

२३ जानेवारी

तळघरात शांतपणे दोन्ही लावून बसलो. आलटून पालटून ऐकलं. सारखे. अगदी सारखे. ह्या ॲनालॉग-डिजिटलच्या वादात लोकांनी वर्षंच्या वर्षं घालवली आहेत आणि मला आज वाटतं की सगळे एकमेकांना फसवत आहेत. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि तेच ऐकू आलं म्हणायचं.

मग वरून मॅक्सीन धाडधाड पायऱ्या उतरत आली. "किटली कधीची ओरडतेय! पाणी आटून बूड लाल झालंय. तू ठेवली होतीस ना?"

"ओरडत नव्हती."

"लॉर्न, मी बाहेर बर्फ काढत होते. मला अंगणात ऐकू आलं."

"मग शिट्टी अधूनमधून वाजत असेल. बिघडली असेल."

मॅक्सीन किटली तशीच हातात धरून उभी राहिली.

डिजिटल घ्यायचं ठरवलं. पायाने ताल दिला की ते आपोआप त्या तालावर येतं, आणि लावलेलं लक्षात ठेवतं. आवाज सारखाच असेल तर शहाणा माणूस सोयीचं घेतो. उद्या नवीन किटलीही आणीन.

२८ जानेवारी

तालीम वाईट झाली.

'पलीकडचा काठ'च्या शेवटी मी हात काढले, पडसाद सुरू झाले आणि रॉन्डाने डोळे घट्ट मिटले. दाढ दुखावी तसे.

"हे काय आहे?"

"नवीन पेडल."

"टोचतंय. कानात सुई घातल्यासारखं. आणि हे जात का नाहीये? दारात उभ्या राहिलेल्या फिरत्या विक्रेत्यासारखं तेच तोंड घेऊन पुन्हा पुन्हा बेल दाबतंय."

"हळू होतंय की."

"हळू होतंय. जात नाहीये. दोन्हींत फरक आहे, लॉर्न."

क्लिफर्डनेही काठ्या मांडीवर ठेवल्या. "अरे, तुझ्या ॲम्प्लिफायरचा वरचा सूर पार टोकाला आहे. माझ्या झांजा तुझ्यापुढे लोण्यासारख्या वाटायला लागल्यात."

"आहे तिथेच आहे तो. कधीच हलवला नाही."

क्लिफर्डने उठून बघितलं आणि बोटानेच मला दाखवलं. बटण पूर्ण उजवीकडे होतं. कोणीतरी धक्का मारला असेल. मी मागे आणलं तर गिटार एकदम मेल्यासारखी वाटायला लागली. कोणाला न सांगता पुन्हा थोडं पुढे केलं.

रॉन्डाला जुनं ते सोनं वाटतं, एवढीच गोष्ट आहे. ती बावन्न वर्षांची झाली तरी आईच्या जुन्या तव्याशिवाय सारण भरलेल्या पिरोगी परतत नाही. पेडलाचंही तसंच.

३ फेब्रुवारी

मॅक्सीन म्हणाली तालीम आठला. आठला गेलो तर दोघे कोट चढवून निघायच्या तयारीत.

"सात म्हणाले होते मी," मी घरी आल्यावर मॅक्सीन म्हणाली. "सात. दोनदा म्हणाले."

हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. शब्दांची टोकं गिळतात. टीव्हीवरचे नटसुद्धा. मी तिला तसं सांगितलं. ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. हे तिचं नवीनच आहे. माझ्याकडे बघते आणि गप्प होते.

आणखी एक. काल कामावरून घरी आलो तर रॉन्डाची गाडी दारात, इंजिन थंडीत गोठू नये म्हणून भिंतीतल्या वीजप्लगला वायर लावलेली, म्हणजे बराच वेळ बसायच्या बेताने आलेली. दोघी स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. मी दारात आलो आणि दोघी एकदम सरळ बसल्या. रॉन्डाने "थंडी काय पडलीय" म्हटलं. विनिपेगमध्ये फेब्रुवारीत थंडी पडली म्हणे!

मला ऐकू आलेला एकच शब्द: 'सेल्कर्क'. सेल्कर्क गावात एक मुलगी राहते, ती गिटार वाजवते तेव्हा लोक खाणं सोडून फोन वर धरतात.

आता सगळं जुळतंय. पेडल टोचतं, ॲम्प टोचतो. टोचतोय तो मी.

९ फेब्रुवारी

आज थोडक्यात वाचलो. 

सकाळी कामावर, बस डेपोच्या आवारात बर्फ उचलायला लोडर आला होता. मी बसच्या मागून उजव्या बाजूने चाललो होतो, हातात ब्रेकचे भाग. अचानक कोणीतरी माझी कॉलर धरून मला मागे फेकलं. मी पाठीवर आपटलो आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावरून लोडरचं मागचं चाक गेलं. माणसाच्या छातीएवढं उंच.

रॉमेल होता. माझ्याच पाळीत काम करतो. त्याचा चेहरा पांढराफटक. "तू वेडा आहेस का? मागे येतोय तो! भोंगा वाजतोय, मी हाका मारतोय, तू सरळ चालत सुटलायस!"

"भोंगा वाजत नव्हता."

"लॉर्न..."

"वाजत नव्हता म्हणतो ना! ड्रायव्हरने बंद केला असेल. ह्या असल्या लोकांना आवारात घेऊच नये."

मी तक्रार केली. रीतसर, सुपरवायझरकडे.

मॅक्सीनला सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी

सुपरवायझरने लोडर पुन्हा बोलावला. मला कडेला उभं केलं आणि ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली. मागचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. रॉमेल माझ्या शेजारी उभा.

"आता वाजतोय ना?" सुपरवायझरने विचारलं.

दिवा लुकलुकत होता, म्हणजे भोंगाही चालू असणार. इंजिनाच्या घरघरीत काय वेगळं काढता येतं? मी "हो" म्हटलं. विषय संपला.

रॉमेल नंतर जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसला. डब्यातला भात माझ्याकडे सरकवला.  ह्या माणसाचं मला कळत नाही.

१६ फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून दोन्ही पेडलं तालमीला घेऊन गेलो.

"दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहा," मी म्हटलं. "मी कधी हे लावीन, कधी ते. ओळखून दाखवा. नाही ओळखलंत तर ह्यापुढे पेडलाचा विषय बंद."

"आणि ओळखलं तर?" रॉन्डा म्हणाली.

"नाही ओळखणार."

ओळखलं. प्रत्येक वेळी. रॉन्डा तर मी दुसरा स्वर वाजवायच्या आतच सांगायची. "काळोखातलं." "विक्रेता." "विक्रेता." "काळोख." क्लिफर्ड, ज्याला स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला कळत नाही, त्यानेही ओळखलं.

"कुठेतरी आरशात दिसतंय तुम्हाला."

"इथे आरसा कुठाय?" क्लिफर्ड म्हणाला. मग हळूच, "लॉर्न, आता तू उभा राहा. मी बदलतो."

मी उभा राहिलो. का नाही राहणार? भिंतीवर जुन्या रंगाचा पोपडा आलेला आहे, मी त्याच्याकडे बघत उभा होतो. रॉन्डाने माझी गिटार घेतली, वाजवली.

"डिजिटल," मी म्हटलं.

पुन्हा वाजवली.

"ॲनालॉग."

पुन्हा. पुन्हा.  मी वळलो. रॉन्डाने गिटार छातीशी धरली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. क्लिफर्ड जमिनीकडे बघत होता. डिजिटल पेडलाची वायर निघालेली होती, खुर्चीवर नीट गुंडाळून ठेवलेली.

"कधी काढलीस?"

"सुरुवातीलाच," क्लिफर्ड म्हणाला. "सगळ्या वेळा एकच होतं रे."

मी सामान तिथेच टाकून निघून आलो. गाडीत बसलो आणि कितीतरी वेळ किल्ली फिरवायचं सुचेना.

१७ फेब्रुवारी

कामाला गेलो नाही.

नवीन किटली गॅसवर ठेवली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. वाफेची धार निघत होती. कान तिच्या तोंडाजवळ नेला. वाफ लागून गाल भाजला.

२० फेब्रुवारी

रॉन्डा आली. कोट न काढताच खुर्चीत बसली.

"मॅक्सीन मला नाताळपासून सांगतेय," म्हणाली. "तुझ्याशी बोलायचं कसं हेच कळेना. लोडरचंही कळलंय तिला. रॉमेलने फोन केला होता."

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे. मीच एक राहिलो होतो."

"हो. तूच एक."

मग मी नको ते बोललो. तुला मला काढायचंच होतं, निमित्त मिळालं. सेल्कर्कवालीला बोलावलंस ना?

मला वाटलं ती नाही म्हणेल.

"विचारलं तिला. ती हो म्हणाली."

मी खुर्ची मागे सरकवली.

"ऐक," ती पुढे झुकली, आणि एकेक शब्द सुटा करून, माझ्या तोंडाकडे बघत बोलली. आता आठवतं, गेले कितीतरी दिवस ती असंच बोलते. "थेट कार्यक्रम आहे. तुझं पेडल मध्येच ओरडायला लागलं आणि तुला ते कळलंच नाही, तर? सगळ्या प्रांतासमोर तू तिथे हसत उभा राहशील. ते मला बघवायचं नाही. कान तपासून घे. मग बोलू."

"आणि तपासलं नाही तर?"

"तर ती वाजवेल."

दार आपटून गेली. दार आपटल्याचं ऐकू आलं. जाड आवाज अजून माझे आहेत.

२७ फेब्रुवारी

कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला दाबत होतो. मग नुसता बसून राहिलो. काचेपलीकडची बाई मशीनवर काहीतरी फिरवत होती आणि मला कळत होतं की आत्ता ह्या क्षणी माझ्या कानात काहीतरी वाजत आहे.

नंतर तिने कागद दाखवला. रेघ डावीकडून बरी सरळ येते आणि मध्यावर कड्यावरून पडल्यासारखी कोसळते.

"खालचे सूर तुमचे चांगले आहेत," ती म्हणाली. "वरचे गेलेत. 'स', 'फ', 'थ', पक्षी, शिट्ट्या, भोंगे. काय काम करता?"

"बसचं गॅरेज. आणि गिटार."

"कानांना काही लावत होतात?"

"टोपी."

ती हसली. मला हसू आलं नाही. गेलेलं परत येत नाही म्हणाली. पण कानात घालायची यंत्रं मिळतात, वरचे सूर उचलून माझ्या कुवतीत आणतात.

"आतून कशी असतात?" मी विचारलं.

"डिजिटल," ती म्हणाली.

तेव्हा मात्र हसलो. तिला कारण कळलं नाही.

परत येताना गाडी मॅक्सीनने चालवली. सिग्नलला थांबल्यावर तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. आज नको.

५ मार्च

यंत्रं काल बसवली. बर्फावर पाऊल टाकलं की आवाज येतो हे मी विसरलोच होतो. कागद, कोट, ताटात पडणारे वाटाणे, सगळं वाजतं. मॅक्सीनच्या आवाजाला कडा आहेत. तिने "साखर संपलीय" म्हटलं आणि मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा म्हणाली, मग ओट्याला टेकून तोंड फिरवलं.

आज सकाळी तळघरात गेलो. ॲम्पचं बटण मधोमध आणलं, आवाज अगदी बारीक ठेवला. आधी डिजिटल. चार स्वर आले आणि तेच चार स्वर कापून ठेवल्यासारखे, चकचकीत, एकामागे एक. मग ॲनालॉग. पहिला पडसाद माझाच. दुसऱ्याच्या कडा गेलेल्या. तिसरा दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. नंतरचे कोणाचे ते कळू नये असे, नुसते आकार, आणि मग ते आकारही नाहीत. कोणीतरी पाठ फिरवून चालत जावं आणि अंधारात शेवटी शर्टाचा रंगही दिसेनासा व्हावा, तसं.

रॉन्डाने हे गाणं नेस्टर गेल्यावर तीन आठवड्यांनी लिहिलं होतं. मला त्याचा ह्याच्याशी संबंध कधी सुचला नव्हता. बहुधा काही नसेलही. पण ॲनालॉगच घ्यायचं. आर्मांला फोन करून सांगितलं. "शेवटी दिसला का धूर?" म्हणाला.

मग आवाज नेहमीचा केला आणि सगळं बिघडलं. यंत्रांतून गिटार पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी येते. त्या बाईने सांगितलंच होतं, ती बोलणं ऐकायला केलेली आहेत. म्हणजे स्टेजवर ती काढून ठेवावी लागणार. म्हणजे तिथे मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा.

८ मार्च

तालमीला गेलो. आधी सामान लावलं, मग पेडल रॉन्डाच्या पुढ्यात सरकवलं.

"बटणं तू लाव. माझ्या कानांवर जाऊ नकोस."

त्याला तीन बटणं आहेत. पडसाद किती वेळाने, किती मोठा, आणि किती वेळा. शेवटचं अवघड. जरा जास्त फिरलं की पडसाद कमी व्हायच्या ऐवजी एकावर एक चढत जातात आणि पेडल स्वतःच ओरडायला लागतं, गिटार खाली ठेवली तरी. ती जमिनीवर मांडी घालून बसली, कान खाली नेऊन, केसाएवढं फिरवत. क्लिफर्डने वर चिकटपट्टी लावली.

"आणि शेवट?" मी म्हटलं. "पडसाद संपला हे मला कळणार नाही. मी आधीच गिटार खाली केली तर तारांचा आवाज जाईल."

"माझ्या हाताकडे बघ. मी हात वर धरीन. खाली येईपर्यंत हलू नकोस."

वाजवलं. हात वर होता, मला काही ऐकू येत नव्हतं, आणि मी हललो नाही. मग हात खाली आला. क्लिफर्ड म्हणाला, "बस. हेच."

निघताना मी विचारलं, "सेल्कर्कवालीला काय सांगितलंस?"

"नको म्हणून कळवलं."

"कधी? आज?"

ती बासची पेटी बंद करत होती. "फेब्रुवारीत. तुझ्याकडे येऊन गेले त्याच्या आदल्या दिवशी."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कान तपासायला गेला असतास?"

 बहीण म्हणून ठीक आहे, पण असल्या बाईशी पत्ते खेळू नयेत.

१५ मार्च

काल झालं. सकाळी उठून लगेच लिहायला बसलो आहे, विसरायच्या आत.

सभागृह भरलं होतं. आर्मां बायकोला घेऊन आला होता. रॉमेल चौघांचं कुटुंब घेऊन मधल्या रांगेत. रेडिओवाल्या बाई काचेच्या खोपटात. त्यांनी बोट दाखवलं आणि वरचा लाल दिवा लागला. यंत्रं माझ्या शर्टाच्या खिशात.

पहिली गाणी बरी गेली. मी रॉन्डाच्या बोटांकडे आणि क्लिफर्डच्या खांद्याकडे बघून वाजवत होतो. बासचा आवाज लाकडी फळ्यांतून पायात येत होता, तेवढा पुरे.

'पलीकडचा काठ'च्या मध्यावर मी मागे सरकलो आणि माझ्या बुटाची कड पेडलाला लागली. मला एवढंच जाणवलं की काहीतरी घासलं. मी वाजवत राहिलो. मग क्लिफर्डकडे नजर गेली. तो माझ्याकडे डोळे फाडून बघत होता आणि हनुवटीने खाली दाखवत होता. काचेमागे बाई उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

पेडल ओरडत होतं आणि मला ते ऐकू येत नव्हतं.

 खाली बघितलं तर चिकटपट्टी सुटलेली, पण कोणतं बटण, किती फिरलंय? वाकून फिरवलं आणि चुकीच्या बाजूला गेलं तर? वाजवणं थांबवायचं? लाल दिवा चालू होता. मी गोठलो. खरंच, हात चालू होते पण मी गोठलो होतो.

तेवढ्यात रॉन्डा वाजवत वाजवत माझ्याकडे चालत आली. कडव्याची पुढची ओळ तिने गायलीच नाही. नुसता बास चालू ठेवला, जसं काही ते तसंच ठरलेलं होतं. माझ्याकडे न बघता बुटाच्या टोकाने बटण मागे ढकललं. थोडं. आणखी थोडं. मान तिरकी करून ऐकलं. मग खांद्याने माझ्या खांद्याला एक धक्का दिला, लहानपणी आईसमोर गप्प बस म्हणून द्यायची तसा, आणि माइककडे परत जाऊन पुढचं कडवं उचललं. क्लिफर्डने दात दाखवले. म्हाताऱ्याने हात खाली घेतला.

शेवट आला. चार स्वर वाजवले, हात काढले. रॉन्डाने उजवा हात वर धरला.

मला पहिला पडसाद आला, दुसरा आला, तिसरा अर्धा. मग काही नाही. हात वरच होता. कोणी खोकलंसुद्धा नाही. मी श्वास धरून तिच्या हाताकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, मला नाही ऐकू येत पण तो अजून आहे, कुठेतरी आहे, ती त्याच्यासोबत चालली आहे. काचेमागे बाईंनी घड्याळाकडे बघितलं. तरी हात वरच. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ.

मग हात खाली आला. आणि टाळ्या मला चांगल्या ऐकू आल्या.

१६ मार्च

रेडिओवाल्यांनी कार्यक्रमाची फीत पाठवली. यंत्रं घालून ऐकायला बसलो, मॅक्सीन शेजारी. पेडल ओरडतं तिथे अंगावर काटा आला, पण क्लिफर्ड म्हणतो तसं, लोकांना वाटलं वादळ आहे.

शेवटी पडसाद जातात. आता मला सगळे ऐकू येतात, अगदी त्या रंग नसलेल्या आकारांपर्यंत. मग ते संपतात. आणि त्यानंतर खूप वेळ काहीच नाही, आणि मग टाळ्या.

पुन्हा लावलं. आवाज वाढवला. काहीच नाही.

"ह्या इथे काही ऐकू येतंय का तुला?" मी मॅक्सीनला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सगळे नुसते गप्प बसले होते."

रॉन्डाला फोन केला. "हात खाली केलास तेव्हा पडसाद होता का गं अजून?"

ती लगेच बोलली नाही. फोन यंत्रातून ऐकायची मला अजून सवय नाही, मला वाटलं कटला.

"होता," ती म्हणाली.

"मॅक्सीन म्हणते आधीच संपला होता."

"मॅक्सीन मागच्या रांगेत होती," रॉन्डा म्हणाली. "होता, लॉर्न. हात खाली केला तेव्हा गेला."

तिचे कान लहानपणापासून तिखट आहेत. ती म्हणते तर असणार. मॅक्सीन आत्ताच फिरायला गेली आहे, परत आली की तिच्याकडून चांगले हेडफोन मागून घेतो आणि आणखी एकदा ऐकून बघतो.